वाचकांचे प्रश्न : अँड्र्यू कार्नेगी यांचे पोलाद आणि त्यांची ग्रंथालये

मागील अंकात सार्वजनिक ग्रंथालयांविषयी लिहिताना अँड्र्यू कार्नेगी (१८३५–१९१९) यांचा उल्लेख ओघात आला होता. स्कॉटलंडमधून पोटासाठी अमेरिकेत गेलेल्या विणकराचा मुलगा तेथील सर्वांत मोठा पोलाद-उत्पादक झाला आणि उतारवयात या दानशूराने आपली बहुतेक संपत्ती देऊन टाकली, एवढेच तेथे म्हटले होते. त्यावर अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे आली. काही वाचकांना हा माणूस मुलांपुढे ठेवावा असा आदर्श वाटला, तर काहींना त्याचे नाव आदराने घेतलेलेच खटकले. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्या माग चालतो. कार्नेगींचे वडील विणकर होते असे आपण लिहिलेत. त्यांनी माग का सोडला, आणि परक्या देशात गेल्यावर त्या घराचे काय झाले? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : कार्नेगींचे स्कॉटलंडमधील डनफर्मलिन हे गाव लिननच्या, म्हणजे जवसाच्या धाग्याच्या, तलम, नक्षीदार कापडासाठी नावाजलेले होते. विल्यम कार्नेगी ते घरातच हातमागावर विणीत, आणि बरे दिवस होते तेव्हा त्यांच्याकडे एकापेक्षा अधिक माग व हाताखाली शिकाऊ मुलेही होती. १८४० च्या दशकात वाफेवर चालणारे माग आले. मजुरीवर कापड विणून घेणारे व्यापारी गिरण्यांकडे वळले, कामे येईनाशी झाली आणि विल्यम यांना एकेक करून माग विकावे लागले. त्यानंतर घर चालले ते आई मार्गारेट हिच्या जिवावर. तिने घरातच छोटे दुकान मांडले आणि रात्री ती जोड्यांची शिलाई करू लागली.

अमेरिकेला जाण्याचा निर्णयही मुख्यतः तिचाच. तिच्या बहिणी पिट्सबर्गला लागून असलेल्या अ‍ॅलेगेनी या गावात आधीच जाऊन राहिल्या होत्या. १८४८ साली माग आणि घरातले सामान विकून आलेली रक्कम बोटीच्या भाड्याला पुरेना, तेव्हा तिच्या एका मैत्रिणीने वीस पौंड उसने दिले. अँड्र्यू तेव्हा बारा वर्षांचा होता आणि धाकटा टॉम पाच वर्षांचा.

वडील नव्या देशात रुळलेच नाहीत. अ‍ॅलेगेनीत त्यांनी पुन्हा माग मांडला, टेबलावर अंथरायची कापडे विणली, आणि घाऊक घेणारा कोणी मिळेना म्हणून ती स्वतः दारोदार फिरून विकली. आई शेजारी राहणाऱ्या फिप्स या जोडे बनविणाऱ्या गृहस्थाकडून शिलाईचे काम आणी. ती शिवायला बसली की टॉम तिच्या गुडघ्याशी बसून सुईत दोरा ओवून देई आणि दोऱ्याला मेण लावी. याच फिप्स यांचा मुलगा हेन्री पुढे कार्नेगींचा भागीदार झाला आणि स्वतःही कोट्यधीश झाला. विल्यम कार्नेगी मात्र १८५५ सालीच वारले. मुलाचे वैभव त्यांनी पाहिले नाही.

अँड्र्यू आधी कापडगिरणीत कांड्या बदलणारा पोऱ्या म्हणून लागला. सकाळी अंधारात जायचे आणि रात्री अंधारात परतायचे. आठवड्याला पगार एक डॉलर वीस सेंट. नंतर कांड्या बनविणाऱ्या एका कारखान्याच्या तळघरात त्याला वाफेचे लहान इंजिन सांभाळण्याचे आणि कांड्या तेलात बुडविण्याचे काम मिळाले. त्या तेलाच्या वासाने त्याला मळमळे, आणि रात्री झोपेतून दचकून उठून तो वाफेचा दाब पाहू लागे, असे त्यांनी स्वतःच पुढे लिहिले आहे. १८४९ साली तो तारघरात निरोप्या झाला. तारायंत्राच्या कट्टकडाचा अर्थ पट्टीवरील खुणा न वाचता नुसत्या कानाने लावणारे लोक त्या काळी मोजकेच होते. अँड्र्यू ते शिकला, आणि त्यामुळे १८५३ साली पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अधिकारी टॉमस स्कॉट यांनी त्याला महिना पस्तीस डॉलरवर आपल्याकडे घेतले. चोविसाव्या वर्षी तो रेल्वेच्या पिट्सबर्ग विभागाचा अधीक्षक झाला.

केवळ स्वतःच्या बळावर वर आलेला माणूस, असे कार्नेगींचे वर्णन नेहमी केले जाते. ते आम्हांस अपुरे वाटते. पहिला आसरा मावश्यांनी दिला, बोटीचे भाडे आईच्या मैत्रिणीने भागविले, आणि तारघरातील नोकरीचा निरोपही आला तो मावशीच्या यजमानांमार्फत, कारण तारघराचे व्यवस्थापक त्यांच्याबरोबर संध्याकाळी पटावरचा डाव खेळायला बसत. मुलाची हुशारी आणि जिद्द खरीच होती. पण आधी गेलेल्या नातलगांनी दार उघडून ठेवले नसते तर ती दाखवायची संधी त्याला इतक्या लवकर मिळाली नसती.

प्रश्न : मी बत्तीस वर्षे फाउंड्रीत काढली. कार्नेगी हे ना इंजिनिअर, ना भट्टीवरचे कारागीर. मग ते पोलादात सर्वांच्या पुढे कसे गेले? (एक निवृत्त वाचक, उद्यमनगर, कोल्हापूर)

उत्तर : आपली शंका रास्त आहे. भट्टीचे ज्ञान कार्नेगींनी इतरांकडून घेतले. त्यांचे स्वतःचे कसब होते ते हिशेबात, माणसे पारखण्यात आणि गिऱ्हाईक कोण आहे हे आधीच ओळखण्यात.

भांडवलाची गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण ती फारशी स्वच्छ नाही. रेल्वेत नोकरीला असतानाच त्यांनी शयनयानांच्या कंपनीत, तेलाच्या विहिरींत आणि लोखंडी पुलांच्या कंपनीत भाग घेतले होते. यांतील काही कंपन्या रेल्वेलाच माल विकत होत्या, आणि रेल्वेचे वरिष्ठ अधिकारीही पडद्याआडून भागीदार होते. त्या काळी त्याला कायद्याची आडकाठी नव्हती. आज असे करणाऱ्या अधिकाऱ्याची चौकशी होईल. १८६५ साली त्यांनी नोकरी सोडली तेव्हा हातात पैसा होता आणि रेल्वेतील सर्व मोठ्या माणसांशी घरोबा होता.

१८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी इंग्लंडमध्ये बेसेमर पद्धतीचे कारखाने पाहिले. वितळलेल्या कच्च्या लोखंडातून हवेचा जोरदार झोत सोडला की त्यातील कर्ब जळून जातो, त्याच उष्णतेने धातू वितळलेला राहतो, आणि काही मिनिटांत टनावारी पोलाद तयार होते. हे आपणास सांगायला नकोच. पिट्सबर्गजवळ मोनोंगहेला नदीच्या काठी ब्रॅडक येथे, नदी आणि रेल्वेमार्ग दोन्ही हाताशी असतील अशी जागा पाहून, त्यांनी कारखाना काढला. त्याची आखणी अलेक्झांडर हॉली या त्या विषयातील अमेरिकेतल्या सर्वांत जाणत्या अभियंत्याकडून करून घेतली, आणि कारखान्याला नाव दिले पेनसिल्व्हेनिया रेल्वेचे अध्यक्ष एडगर टॉमसन यांचे. १८७५ साली तेथे पहिला रूळ निघाला आणि पहिली मोठी मागणी त्याच रेल्वेकडून आली.

पुढची गोष्ट आपणास विशेष आवडेल. त्या काळी झोतभट्टीवरचा मुकादम अंदाजानेच खनिज, कोक आणि चुनखडी यांचे प्रमाण ठरवी. कार्नेगींच्या कंपनीने भट्टीवर एक जर्मन रसायनशास्त्रज्ञ नेमला. त्याने खनिजे तपासली तेव्हा असे निघाले की नावाजलेल्या खाणींच्या मालात लोखंडाचा अंश सांगितला जाई त्याहून बराच कमी होता, आणि ज्या खाणींना कोणी विचारत नव्हते त्यांचा माल उत्तम होता. कंपनीने नाव नसलेल्या खाणींचा माल स्वस्तात उचलला आणि प्रतिस्पर्धी कित्येक वर्षे चढ्या भावाने खराब खनिज घेत राहिले. याच्या जोडीला खर्चाचे तक्ते होते. प्रत्येक विभागात टनामागे कोळसा किती, खनिज किती, मजुरी किती, याची नोंद नियमित वर जाई. गेल्या वेळेपेक्षा आकडा वाढला तर जाब विचारला जाई. नफा किती झाला यापेक्षा खर्च किती पडला हे कार्नेगी आधी विचारीत. नवे यंत्र टनामागे थोडे पैसे वाचविणार असेल, तर चांगले चालत असलेले जुने यंत्रही ते मोडीत काढीत.

एक गोष्ट चरित्रलेखक पुष्कळदा मागे ठेवतात. १८७० पासून परदेशी पोलादी रुळांवर अमेरिकेत टनामागे २८ डॉलर जकात होती. ब्रिटिश रूळ त्यामुळे महाग पडत, आणि या भिंतीच्या आड अमेरिकन कारखाने मोठे झाले. त्या काळात पोलाद स्वस्त झाले हेही तितकेच खरे : १८७० च्या सुमारास टनामागे शंभर डॉलरच्या वर असलेला रुळांचा भाव १८९८ मध्ये वीस डॉलरच्याही खाली आला होता. कोकच्या भट्ट्या हेन्री क्ले फ्रिक यांना भागीदार करून, लोहखनिजाच्या खाणी करारांनी, आणि जलमार्गाच्या बंदरापासून कारखान्यापर्यंतचा रेल्वेमार्ग विकत घेऊन कार्नेगींनी सगळी साखळी आपल्या हातात आणली. १९०० साली कंपनीचा नफा चार कोटी डॉलर होता. पुढच्याच वर्षी बँकमालक जे. पी. मॉर्गन यांनी ती ४८ कोटी डॉलरना विकत घेतली, आणि कार्नेगींच्या स्वतःच्या वाट्याला सुमारे साडेबावीस कोटी डॉलर आले.

प्रश्न : आम्ही परदेशात स्थिरावलेली माणसे गावच्या शाळेला, देवळाला काही ना काही पाठवीत असतो. कार्नेगींनी आपल्या मूळ गावासाठी काय केले? (एक मराठी वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : पुष्कळ केले. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले पहिले ग्रंथालय १८८३ साली डनफर्मलिनमध्येच उघडले. १९०१ साली स्कॉटलंडच्या विद्यापीठांसाठी त्यांनी वीस लाख पौंडांचा न्यास केला, त्यातून संशोधनाला मदत आणि गरजू विद्यार्थ्यांची फी दिली जाऊ लागली. पण आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती एका बागेची गोष्ट. गावाला लागून पिटनक्रीफ नावाची जमीनदाराची मोठी खाजगी जागा होती. जुन्या राजवाड्याचे अवशेष तिच्या हद्दीत येत. तेथे लोकांना जाण्याचा हक्क असावा म्हणून कार्नेगींच्या आईच्या माहेरची मंडळी जमीनदाराशी भांडली होती, आणि म्हणून वर्षातून एकदा गावासाठी दार उघडे तेव्हाही या घराण्यातील कोणालाही आत सोडीत नसत. अँड्र्यू लहानपणी भिंतीबाहेर राहिला. १९०२ साली त्यांनी ती सबंध जागा विकत घेतली आणि पुढच्या वर्षी गावाच्या स्वाधीन केली. गावातील कष्टकऱ्यांच्या आयुष्यात थोडा आनंद यावा यासाठी वेगळा निधीही लावून दिला. ती बाग आजही सर्वांना खुली आहे.

प्रश्न : १८९२ साली होमस्टेडच्या कारखान्यात कामगारांवर गोळ्या चालल्या. ज्यांच्या पगाराला कात्री लावून पैसा उभा केला त्यांच्याच गावात वाचनालय बांधणे याला दान म्हणावे काय? आपण त्यांना ‘दानशूर’ म्हटलेत याचे दुःख झाले. (कामगार संघटनेचे एक कार्यकर्ते, नाशिक. याच आशयाची पत्रे पिंपरी आणि ठाणे येथूनही आली आहेत.)

उत्तर : आपले म्हणणे आम्ही पूर्ण गांभीर्याने घेतो, म्हणून आधी घडले ते सविस्तर सांगतो.

होमस्टेड हे पिट्सबर्गजवळचे, मोनोंगहेला नदीच्याच काठावरचे गाव. तेथील कारखाना कार्नेगींनी १८८३ साली विकत घेतला. कामगार सुमारे ३,८०० होते, त्यांपैकी कुशल कामगारांची लोखंड-पोलाद कामगारांची संघटना होती, आणि तिच्याशी झालेला करार ३० जून १८९२ रोजी संपत होता. पोलादाच्या भावाबरोबर वेतन वरखाली होई. त्याची खालची मर्यादा आणखी खाली आणावी, अशी कंपनीची मागणी होती. कारभार फ्रिक यांच्या हाती होता. त्यांनी कारखान्याभोवती फळ्यांचे उंच कुंपण उभारले, त्याच्या माथ्यावर काटेरी तार लावली आणि कामगारांना बाहेर काढून टाळे लावले. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात उन्हाळा घालवीत होते.

फ्रिक यांनी पिंकर्टन या खाजगी संस्थेची तीनशे हत्यारबंद माणसे बोलावली. ६ जुलैच्या पहाटे ती दोन पडावांतून नदीमार्गे आली. गावाला आधीच खबर लागली होती, आणि हजारो स्त्री-पुरुष काठावर जमले होते. पहिली गोळी कोणी झाडली याचा निकाल कधीच लागला नाही. दिवसभर चकमक चालली. दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसे मेली. संध्याकाळी पिंकर्टनच्या माणसांनी शरणागती पत्करली, आणि गावकऱ्यांच्या रांगांमधून त्यांना मारहाण सोसत जावे लागले. काही दिवसांनी गव्हर्नरने राज्याचे सैन्य पाठविले, त्याच्या संरक्षणात नवे कामगार भरले गेले आणि नोव्हेंबरात संप मोडला. मधल्या काळात कामगारांशी काहीही संबंध नसलेल्या अलेक्झांडर बर्कमन या तरुणाने फ्रिक यांच्यावर गोळ्या झाडल्या. फ्रिक वाचले, आणि लोकांची सहानुभूती मात्र कामगारांपासून दूर गेली. होमस्टेडमधील संघटना संपली. पुढे चाळीसेक वर्षे अमेरिकन पोलाद उद्योगात संघटनेला नीट पाय रोवता आले नाहीत.

कार्नेगी दूर होते हे त्यांच्या समर्थकांचे मुख्य उत्तर असते. ते आम्हांस पटत नाही. फ्रिक यांचे धोरण त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी त्याला तारेने पाठिंबा दिला होता. आणखी खेदाची गोष्ट म्हणजे, १८८६ साली याच कार्नेगींनी लेख लिहून कामगारांचा संघटित होण्याचा हक्क मान्य केला होता आणि संपकऱ्याच्या जागी बाहेरचा माणूस आणून बसविणे अयोग्य ठरविले होते. ब्रॅडक येथे त्यांनी आठ तासांची पाळीही सुरू केली होती. प्रतिस्पर्धी तसे करीत नाहीत म्हणून खर्च वाढतो, हे दिसताच ते बारा तासांवर परत आले. एका आठवड्यात दिवसपाळी, दुसऱ्या आठवड्यात रात्रपाळी, आणि पाळी बदलताना सलग चोवीस तास भट्टीपुढे उभे राहायचे, असे ते काम होते.

होमस्टेडचे ग्रंथालय १८९८ साली उघडले. त्यात वाचनालयाबरोबर संगीतगृह आणि पोहण्याचा तलाव होता. ब्रॅडकच्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर कामगारांसाठी न्हाणीघरे होती. इमारती खरोखर सुंदर आहेत. परंतु बारा तास भट्टीपुढे उभा राहून घरी आलेला माणूस पुस्तक कधी वाचणार, हा प्रश्न त्या काळच्या कामगारांनीच विचारला होता, आणि त्याला कार्नेगींकडे उत्तर नव्हते. १८८९ साली लिहिलेल्या संपत्तीविषयीच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी असे मांडले होते की श्रीमंताने स्वतःला समाजाच्या पैशाचा विश्वस्त समजावे आणि जिवंतपणीच तो लोकहितासाठी खर्च करावा. तोच पैसा थोडाथोडा करून मजुरीत वाटला तर तो खाण्यापिण्यात उधळला जाईल. निबंधाचा पहिला भाग थोर आहे. दुसरा भाग आम्ही मान्य करीत नाही. कामगाराच्या बायकोला त्या जादा डॉलरचे काय करायचे हे कार्नेगींपेक्षा अधिक चांगले कळत होते. त्यांची स्वतःची आई जोडे शिवून घर चालवीत असताना प्रत्येक सेंट कसा खर्ची पडत होता हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते, आणि म्हणूनच हा विसर अधिक लागतो.

तरीही ‘दानशूर’ हा शब्द आम्ही मागे घेत नाही. कारखाना विकल्यावर त्यांचे पहिले मोठे दान होते ते अपघातात जखमी झालेले कामगार, मृतांची कुटुंबे आणि म्हातारे कामगार यांच्यासाठी ४० लाख डॉलरचा निधी. त्यानंतर अठरा वर्षे त्यांनी जे दिले ते उरलेसुरले नव्हते, जवळजवळ सर्वस्व होते. आणि त्या काळच्या दुसऱ्या एकाही पोलाद-मालकाने असे केले नाही. होमस्टेडचा हिशेब त्याने फिटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या, त्या दोन्ही नोंदवाव्या लागतात.

आपल्या देशाशी असलेला एक धागा येथे सांगावासा वाटतो. साकची, म्हणजे आजच्या जमशेदपूर, येथील टाटांचा पोलाद कारखाना पिट्सबर्गच्या ज्या ज्युलियन केनेडी यांच्या संस्थेने आखला, ते केनेडी पूर्वी कार्नेगींच्या ब्रॅडक आणि होमस्टेड येथील कारखान्यांत अधिकारी होते. भट्ट्यांचे ज्ञान तेथून येथे आले. कामाचे तास मात्र तेथून आले नाहीत : टाटांच्या कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू झाला, आणि कार्नेगींचे कारखाने ज्या कंपनीत विलीन झाले त्या युनायटेड स्टेट्स स्टीलने बारा तासांची पाळी बंद केली ती १९२३ साली. आठ तासांत पोलाद परवडत नाही हे म्हणणे किती पोकळ होते, हे यावरून दिसते.

प्रश्न : सगळे दिले म्हणतात, मग बायको-मुलीला काय ठेवले? (एक वाचक भगिनी, अमरावती)

उत्तर : १८८७ साली विवाह झाला त्या वेळीच पत्नी लुईस यांनी करारावर सही करून संपत्तीवरील मोठ्या वाट्याचा हक्क सोडला होता, आणि आपल्यासाठी पुरेशी वार्षिक नेमणूक स्वीकारली होती. आयुष्यभरात कार्नेगींनी सुमारे ३५ कोटी डॉलर दिले. त्यांतील सर्वांत मोठी रक्कम, साडेबारा कोटी, १९११ साली न्यूयॉर्कमध्ये स्थापन केलेल्या कार्नेगी कॉर्पोरेशन या दानसंस्थेला मिळाली. मृत्यूनंतर शिल्लक राहिलेल्या सुमारे तीन कोटींपैकीही बराच भाग संस्था आणि नेमणुका यांत गेला. पत्नी आणि एकुलती मुलगी मार्गारेट यांना गरिबी आली नाही; पण साम्राज्यही वारशाने मिळाले नाही.

प्रश्न : आमच्या वाचनालयाला शासनाचे ‘क’ वर्गाचे अनुदान मिळते. गावातील एक उद्योजक आता परदेशात असतात. त्यांना आईच्या नावाने वाचनालयाची नवी इमारत बांधून द्यायची आहे. आम्हांला आनंद आहे आणि धास्तीही आहे, कारण इमारतीचे वीजबिलसुद्धा आम्हांला झेपणार नाही. कार्नेगींच्या देणग्यांना अटी होत्या असे ऐकले. त्या काय होत्या? (एक ग्रंथपाल, सातारा जिल्हा)

उत्तर : आपली धास्ती अगदी योग्य ठिकाणी आहे, आणि कार्नेगींच्या दानातील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग नेमका तेथेच आहे.

ग्रंथालयेच का, याचे उत्तर त्यांच्या पोरवयात आहे. अ‍ॅलेगेनीत कर्नल जेम्स अँडरसन नावाचे गृहस्थ होते. आपल्या घरची सुमारे चारशे पुस्तके ते दर शनिवारी कामकरी मुलांसाठी खुली करीत. एक पुस्तक न्यायचे आणि पुढच्या शनिवारी बदलून घ्यायचे. पुढे या संग्रहाचे रीतसर ग्रंथालय झाले आणि हाताने धंदा शिकणारी मुले सोडून इतरांना वर्षाला दोन डॉलर वर्गणी लागली. सतरा वर्षांच्या अँड्र्यूने वर्तमानपत्राला पत्र लिहून त्याचा निषेध केला, वाद घातला, आणि नियम बदलायला लावला. पन्नास वर्षांनंतर त्यांनी अँडरसन यांचे स्मारक उभारले; त्यात कर्नलांच्या अर्धपुतळ्याखाली ऐरणीवर बसून पुस्तक वाचणारा एक कामगार आहे.

आता अटी. गावाने जागा द्यायची. गावाने दरवर्षी इमारतीच्या खर्चाच्या किमान दहा टक्के रक्कम करातून चालविण्यासाठी द्यायची, आणि तसा नगरपरिषदेचा ठराव आधी हवा. कार्नेगी इमारत देत. पुस्तके, पगार आणि दिवाबत्ती गावाने पाहायची. त्यांचे चिटणीस जेम्स बर्ट्रम हे अर्ज तपासत, लोकसंख्या पाहून रक्कम ठरवीत, आणि पैसे काम होईल तसतसे हप्त्यांनी देत. नकाशात घुमट, भव्य जिने किंवा शेकोट्या दिसल्या की बर्ट्रम ते काढायला लावीत, कारण तेवढी जागा वाचकांची जाते. इमारतीवर आपले नाव घातलेच पाहिजे असा कार्नेगींचा आग्रह नव्हता. अशी एकूण २,५०९ ग्रंथालये जगभर झाली, त्यांतील सोळाशेहून अधिक एकट्या अमेरिकेत.

सगळ्यांनी ती घेतली नाहीत. खुद्द पिट्सबर्गला त्यांनी १८८१ साली अडीच लाख डॉलर देऊ केले तेव्हा ग्रंथालयासाठी असा खर्च करण्याचा अधिकारच शहराला नव्हता, म्हणून ती देणगी तशीच राहिली. काही वर्षांनी कायदा झाला तेव्हा कार्नेगींनी दहा लाख दिले. होमस्टेडनंतर काही गावांतील कामगार संघटनांनी या पैशाला ठाम विरोध केला. आणि एक त्रुटी स्पष्ट सांगितली पाहिजे : ग्रंथालय सर्वांना खुले ठेवण्याची सक्ती त्यांनी दक्षिणेकडील राज्यांत केली नाही. अटलांटा येथील त्यांच्या ग्रंथालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, आणि १९०२ साली त्याविरुद्ध कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांनी निषेध नोंदविला होता. दहा टक्क्यांची अट कसोशीने पाळून घेणाऱ्या कार्नेगींना ही अटही घालता आली असती.

आपल्याकडे याच विचाराचे सर्वांत चांगले रूप बडोद्यात दिसले. सयाजीराव गायकवाड यांनी अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली, १९१० साली तेथून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून आणले, स्वतःचा ग्रंथसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला, आणि गावोगावच्या वाचनालयांचा खर्च लोक, प्रांत पंचायत व राज्य यांनी एकेक तृतीयांश उचलावा अशी व्यवस्था लावली. जेथे वाचनालय नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. महाराजांनी कार्नेगींची नक्कल केली असे नाही; पण गावाने स्वतःचा वाटा उचलल्याखेरीज वाचनालय टिकत नाही हे दोघांनाही पटले होते. महाराजांचा वाटा अधिक मोठा यासाठी की, त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आधी लागू केले आणि वाचता येणारा वाचक तयार केला.

आपल्या बाबतीत आमचा सल्ला असा. समजा इमारतीला ४० लाख रुपये लागणार आहेत. तर कार्नेगींच्या मापाने वर्षाला चार लाख हाताशी हवेत. एवढे गावाकडून येणे अवघड असेल, तर देणगीदारांना विनंती करा की त्यांनी इमारत ४० ऐवजी २५ लाखांची करावी आणि उरलेले १५ लाख वाचनालयाच्या नावे कायम ठेवीत ठेवावेत, ज्याचे फक्त व्याज वापरता येईल. ग्रामपंचायतीकडून वीज, पाणी आणि सफाई यांचा खर्च उचलण्याचा ठराव करून घ्या आणि तो ग्रामसभेत वाचून दाखवा. नकाशा मंजूर करताना प्रवेशद्वाराच्या कमानीपेक्षा मुलांच्या वाचनकक्षाला आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसणाऱ्यांच्या खोलीला किती चौरस फूट मिळतात ते पाहा. आणि हे सगळे भूमिपूजनाच्या आधी करा, कारण नारळ फुटल्यानंतर देणगीदारांशी असे बोलणे कोणालाच जमत नाही.